सिनेमा टुकार होता, हे मित्रांना कसं पटवू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी तरुणी नोकरी करते. कॉलेजपासूनचा पाच जणांचा ग्रुप आहे आणि सुपरहिरोंचा मोठा सिनेमा लागला की तो पहिल्याच दिवशी एकत्र बघायचा, हा त्यांचा शिरस्ता. तिकिटं काढायचं काम नेहमी एकाच मित्राकडे, तो या सिनेमांचा कट्टर चाहता. गेल्या काही वर्षांत तिला यातले बरेचसे सिनेमे फसलेले वाटू लागले. शेवटचा सिनेमा बघून बाहेर पडता पडता ती म्हणाली, 'काय टुकार होता!' वाद झाला. रात्री तिने ग्रुपवर समीक्षकांची टक्केवारी आणि गल्ल्याचे आकडे टाकले. मित्राने लिहिलं, 'मग येतेस कशाला आमच्याबरोबर?' आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. हेच पाच जण अधूनमधून जुने पडेल सिनेमे मुद्दाम एकत्र बसून बघतात, तेव्हा मात्र कुणाचं कुणाशी वाजत नाही. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सिनेमा वाईट आहे हे सिद्ध कसं करायचं? ते जमणार नसेल तर यापुढे 'छान होता' म्हणून मोकळं व्हायचं का? आणि आपण उगाच नाक मुरडणारे झालो आहोत का?

उत्तर:

जुन्या पडेल सिनेमांबद्दल तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय. आधी तेच घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ते सिनेमे बघताना तुम्ही भांडत नाही, म्हणजे वाईट सिनेमाबद्दल कसं बोलायचं हे तुम्हा पाचही जणांना येतं. कोणता प्रसंग कुठे घसरला, कथा कुठे भरकटली, कुणाला संवाद पेलला नाही, हे तुम्ही एकमेकांना दाखवता आणि हसता. त्या सिनेमाची वाट कुणी सहा-सहा महिने पाहिलेली नसते, पोस्टरमागे काय दडलंय यावर रात्री जागवलेल्या नसतात. नव्या सुपरहिरो सिनेमाला जाताना प्रत्येक जण हे सगळं बरोबर घेऊन खुर्चीत बसतो. बाहेर पडल्या पडल्या 'टुकार' म्हटलं की तो शब्द आधी त्या वाट बघण्याला लागतो, सिनेमाला नंतर. तिकिटं काढणाऱ्या मित्राला तर दुप्पट लागतो, कारण त्याने तुम्हाला तिथे बोलावलेलं असतं.

पत्राचा सूर असा आहे की हाइपला मित्र भुलले आणि तुम्ही तिच्यापासून सुटलात. हे जरा तपासून बघा. जाहिरातीच्या गदारोळातून हरखलेला प्रेक्षक जसा तयार होतो, तसा वैतागलेलाही तयार होतो. 'अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशातल्या रणांगणावर सगळ्यांबरोबर हल्क धावताना दिसतो. सिनेमात त्या लढाईत हल्क नाहीच. रहस्य फुटू नये म्हणून असं मुद्दाम केलं जातं, शिवाय ट्रेलर पुष्कळदा वेगळ्याच कंपन्या कापतात आणि तेव्हा सिनेमाचं काम अपुरं असतं. ट्रेलर पाहून आपण मनात एक सिनेमा रचतो आणि पडद्यावरचा त्याच्याशी ताडून बघतो. तेव्हा तुमच्या तक्रारी कागदावर उतरवा. 'मला वाटलं होतं की...' असं ज्यांच्या मागे लागू शकतं, त्या वेगळ्या काढा. उदाहरणार्थ, 'अमुक पात्र परत येईल वाटलं होतं' ही तक्रार ट्रेलरविषयी आहे. 'नायिका भाऊ गमावते आणि पुढच्या प्रसंगात त्याचा मागमूसही नाही' ही सिनेमाविषयी आहे. काही नावही न ऐकता हाच सिनेमा दोन वर्षांनी तुमच्यासमोर आला असता, तरी जी टिकली असती ती खरी तक्रार. दहातल्या तीन-चारच उरल्या तर दचकू नका. उरतात त्या भक्कम असतात.

आता आकडे. तुम्ही ग्रुपवर टाकलेले आकडे खोटे नव्हते, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात नव्हतं. समीक्षा एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे सिनेमाला मिळालेले गुण असा समज सर्रास दिसतो. ती खरं तर किती टक्के समीक्षकांचा कौल अनुकूल आहे एवढंच सांगते. साठ टक्के किंवा वर असेल तर सिनेमा 'फ्रेश', खाली असेल तर 'रॉटन'. समजा दहा समीक्षकांनी एका सिनेमाला प्रत्येकी दहापैकी सहा गुण दिले आणि 'बघायला हरकत नाही' म्हटलं. त्याची टक्केवारी शंभर. दुसऱ्या सिनेमाला सहा जणांनी पैकीच्या पैकी दिले आणि चौघांनी चार. त्याची टक्केवारी साठ, पण सरासरी ७.६. ज्याने कुणाला फारसं दुखावलं नाही तो पहिला आला आणि ज्याने सहा जणांना वेड लावलं तो काठावर राहिला. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ समीक्षांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी (काहींच्या मताला जास्त वजन देऊन) काढतं, म्हणून एकाच सिनेमाचे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत आणि ते एकमेकांविरुद्ध वापरण्यात अर्थ नसतो.

प्रेक्षकांचे गुण याहून निसरडे. 'कॅप्टन मार्व्हल' यायच्या तोंडावर, फेब्रुवारी २०१९मध्ये, रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया घेणं बंद केलं, कारण सिनेमा न बघताच त्याच्यावर राग काढणाऱ्यांची गर्दी झाली होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्यांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात झाली. अमेरिकेतली सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी भरून घेते, ए प्लसपासून एफपर्यंत. पहिल्या दिवशी येणारा प्रेक्षक मुळात उत्सुक असतो, त्यामुळे सुपरहिरो सिनेमाला तिथे बी मिळणं ही शाबासकी धरत नाहीत, तो इशारा समजतात.

गल्ल्याचं म्हणाल, तर पहिल्या तीन दिवसांचा आकडा जाहिरातीचं यश मोजतो. कुणी सिनेमा पाहिलेलाच नसतो, तेव्हा आवडण्या-नावडण्याचा त्यात संबंध किती येणार? आवड दिसते दुसऱ्या आठवड्यात. एवढ्या मोठ्या सिनेमांची कमाई दुसऱ्या शनिवार-रविवारी निम्म्याने किंवा थोडी जास्तच घसरते, त्यात विशेष काही नाही. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ने मार्च २०१६मध्ये उत्तर अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे १६.६ कोटी डॉलर कमावले आणि दुसऱ्या आठवड्यात कमाई ६९ टक्क्यांनी कोसळली. त्याची सिनेमास्कोरची श्रेणी होती बी. इथे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात: ओढ प्रचंड होती आणि बघून आलेल्यांनी इतरांना 'जाच' असं सांगितलं नाही. तरीही, लक्षात घ्या, यातून सिनेमा वाईट होता असं सिद्ध होत नाही. पुष्कळांना तो हवा तसा मिळाला नाही, एवढंच कळतं. त्या सिनेमावर मनापासून प्रेम करणारे लोक आहेत, आणि ते काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असतं.

समाजमाध्यमांवरचा कल्ला आणि तिकीट यांतलं अंतर बघायचं असेल तर 'मॉर्बियस' घ्या. २०२२च्या एप्रिलमध्ये आला, दुसऱ्या आठवड्यात सुमारे ७४ टक्के घसरला आणि मग त्याची टिंगल करणाऱ्या मीम्सचा पूर आला. त्या चर्चेकडे बघून जूनमध्ये तो पुन्हा हजाराहून जास्त थिएटरांत लावला. तीन दिवसांत मिळाले जेमतेम तीन लाख डॉलर. मीम फिरवणारे खूप होते, तिकीट काढणारे जवळपास कुणी नव्हते.

वादात थोरांची नावं पुढे करण्याचंही तसंच. या सिनेमांवर नाराज असलेले लोक ज्येष्ठ अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसींचा हवाला देतात. मार्व्हलचे सिनेमे आपल्याला थीम पार्कसारखे वाटतात, असं ते २०१९मध्ये म्हणाले होते. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी हेही नोंदवलंय की या सिनेमांमागे कसबी माणसं आहेत आणि आपल्याला ते रमवत नाहीत हा आपल्या आवडीचा आणि पिंडाचा भाग आहे. त्यांची खरी काळजी वेगळी होती: या सिनेमांत धोका पत्करलेला नसतो आणि थिएटरांचे पडदे त्यांनीच भरून गेल्याने वेगळ्या सिनेमांना जागा उरत नाही. वाद घालण्याजोगा मुद्दा तो आहे, आणि तो तुमच्या मित्राच्या आवडीवर घाव न घालता मांडता येतो.

तर मग सिद्ध कसं करायचं? 'वाईट' हे सिद्ध होत नाही. एखादा प्रसंग का लागू पडला नाही, हे मात्र दाखवता येतं, आणि समोरच्याने ते पाहिलं की बहुतेक वेळा मान्यही होतं. त्यासाठी तक्रार प्रसंगापर्यंत खाली आणावी लागते.

मारामारीपासून सुरुवात करा, कारण या सिनेमांचा मोठा वेळ तिच्यात जातो. लढाईचा प्रसंग संपल्यावर तीन गोष्टी सांगता येतात का बघा. कोण कुठे उभं होतं? प्रत्येकाला नेमकं काय हवं होतं? आणि शेवटी असं काय बदललं जे सुरुवातीला नव्हतं? पहिलं सांगता आलं नाही तर घोटाळा चित्रणात किंवा संकलनात आहे: जवळून घेतलेले शॉट, दर सेकंदाला काप, दिशांचा पत्ता नाही. दुसरं सांगता आलं नाही तर पटकथेत. तिसरं नाही, तर प्रसंग काढून टाकला तरी चालला असता. शेवटचा अर्धा तास आकाशातून काहीतरी कोसळतंय आणि चेहरा नसलेल्या फौजेला नायक लोळवतायत, असे शेवट एकसारखे वाटतात ते याच तिसऱ्या कारणाने. फौजेतला एकेक जण पडल्याने कुणाच्याही आयुष्यात काही हलत नाही.

खलनायकासाठी एकच प्रश्न पुरतो: तो जिंकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करील? उत्तर सुचत नसेल तर त्याची इच्छा लिहिलेलीच नाही. भावनेच्या प्रसंगांत घड्याळाकडे बघा. कुणी मेल्यावर किंवा मोठी कबुली दिल्यावर किती सेकंदांत विनोद येतो? विनोदाने ताण हलका होतो हे खरं, पण प्रेक्षकाला दुःख पोचण्याआधीच तो आला तर दुःख पोचतच नाही, आणि पुढे नायक सूड घ्यायला निघतो तेव्हा आपण कोरडे राहतो. मरणाचंही असंच. काळात मागे जाऊन किंवा दुसऱ्या विश्वातून मेलेला माणूस परत आणता येतो हे एकदा दाखवलं की पुढच्या प्रत्येक मरणाची किंमत उतरते. ती टिकवायची असेल तर परत आणण्याची मोठी किंमत कुणीतरी मोजताना दिसावी लागते.

'व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं) भंगार' असं म्हणताना जपा. काम खराब दिसतं तेव्हा ते करणाऱ्यांना येत नाही असं क्वचितच असतं. एकाच सिनेमाचे शॉट वेगवेगळ्या स्टुडिओंत वाटलेले असतात, प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली असते आणि शेवट बदलला की महिन्यांचं काम आठवड्यांत उरकावं लागतं. मार्व्हल स्टुडिओजच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२३मध्ये एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं, त्यामागे कामाच्या या ओझ्याच्या तक्रारी होत्या. 'तलवारीचं वजन जाणवत नव्हतं, हात पुढे जातो आणि खांदा हलतच नाही' असं नेमकं सांगा. त्यावर चर्चा होऊ शकते.

कथेतल्या फटी शोधणं हा सगळ्यांचा आवडता उद्योग असला तरी वादात तो फार दुबळा ठरतो. 'तो उडू शकतो, मग चालत का गेला?' याला कट्टर चाहत्याकडे कुठल्यातरी जुन्या कॉमिकमधलं उत्तर असतं आणि पुढचा तासभर त्यात जातो. फट पकडायचीच तर नायकाचा निर्णय खोटा पाडणारी पकडा. बाकीच्या सोडून द्या.

या सगळ्याचा सराव एकत्र करायचा असेल तर तुमच्या ग्रुपसाठी एक तयार साधन आहे. 'जस्टिस लीग' २०१७मध्ये आला तो दोन तासांचा. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाल्यावर बराच भाग पुन्हा चित्रित झाला होता. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला तेव्हा दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती संगणकावर पुसली आणि वरचा ओठ विचित्र दिसू लागला. चाहत्यांनी लावून धरल्यावर २०२१मध्ये स्नायडरची आवृत्ती आली, चार तासांची. कथेचा सांगाडा तोच, नट तेच. पहिल्या आवृत्तीत सायबॉर्ग हा त्या चमूतला नायक जवळजवळ कापलेला आहे, दुसरीत तो कथेच्या मध्यभागी आहे. दोन्हींतले त्याचे प्रसंग लागोपाठ बघा. संकलनाने पात्र कसं मरतं आणि जगतं हे समोर दिसेल. तुमचा मित्र इथे तुमच्यापेक्षा जास्त बोलेल, कारण त्याला तपशील पाठ असतील. बोलू द्या.

कारण त्याच्या बाजूलाही वजन आहे. २००८पासून २०१९च्या 'अव्हेंजर्स: एंडगेम'पर्यंत मार्व्हलने एका धाग्यात २२ सिनेमे गुंफले. अकरा वर्षं ज्याने ते बघितले, त्याला 'एंडगेम'मधलं एखाद्या पात्राचं येणं जे देतं ते त्या एका सिनेमात मावणारं नाही. आधीच्या सगळ्या सिनेमांची आठवण त्या क्षणी कामाला येते, आणि थिएटरभर उठलेला जल्लोष हाही त्या अनुभवाचा भाग असतो. 'एवढा विचार करू नकोस' असं मित्र म्हणतो तेव्हा बहुधा त्याला हेच म्हणायचं असतं: मी जे घ्यायला आलो होतो ते मला मिळालं. ते मिळालंच नाही, असं तुम्ही त्याला पटवू शकणार नाही, पटवूही नका. मात्र 'हा सिनेमा चाहत्यांसाठी आहे' हे उत्तर लढाईत कोण कुठे आहे ते कळत नसल्याच्या तक्रारीला पुरत नाही, आणि तिथे तुम्ही ठाम राहू शकता. आवडणं, चांगला बनलेला असणं आणि दिलेला शब्द पाळणं, ही तीन वेगळी खाती आहेत. 'मला आवडला, पण शेवट फसलाय' हे वाक्य त्याला म्हणता यावं आणि 'मला कंटाळा आला, पण ती पाठलागाची दृश्यं उत्तम होती' हे तुम्हाला. निम्मे वाद तिथेच मिटतात.

'छान होता' म्हणायचं का? नाही. जवळच्या मित्राला ते कळतं आणि मग तुमच्या खऱ्या 'छान'लाही किंमत राहत नाही. पण वेळ निवडा. बाहेर पडल्यावरच्या पहिल्या तासात निकाल द्यायचा नाही, फक्त क्षण बोलायचे, असं ठरवून टाका: कोणता प्रसंग लक्षात राहिला, कुठे अंगावर काटा आला, कुठे घड्याळ बघितलं. आधी दुसऱ्याला विचारा. निकाल दुसऱ्या दिवशी, समोरासमोर किंवा फोनवर. ग्रुपवर लिहून वाद घालूच नका. तिथे बाकीचे वाचत असतात, त्यामुळे 'हो, तुझं बरोबर आहे' म्हणणं कुणालाच जमत नाही. क्रमवारी लावणं, 'आतापर्यंतचा सगळ्यात वाईट' वगैरे, हेही टाळा. तिथून पुढे मूळ सिनेमाबद्दल कुणी बोलत नाही.

स्वतःची अपेक्षा आटोक्यात ठेवायलाही थोडी मेहनत घ्या. पहिला टीझर बघा आणि थांबा. शेवटच्या ट्रेलरमध्ये उत्तरार्धातली दृश्यं हमखास असतात. प्रीमियरनंतर लगेच येणाऱ्या दोन ओळींच्या उत्साही प्रतिक्रियांवर भिस्त ठेवू नका. त्या निमंत्रितांच्या असतात, आणि सविस्तर समीक्षा छापायला स्टुडिओने परवानगी दिलेली नसते. ही बंदी कधी उठते ते बघा: आठवडाभर आधी उठली तर स्टुडिओला खात्री आहे, अगदी प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी उठली तर सावध राहा. रहस्य जपण्यासाठीही कधी उशीर करतात, म्हणून हा अंदाजच.

नाक मुरडण्याचा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारताय, यातच बरंच आलं. तरी एक कसोटी आहे. गेल्या पाच सुपरहिरो सिनेमांतली तुम्हाला खरोखर आवडलेली एकेक गोष्ट सांगता येते का? येत असेल तर तुम्ही चोखंदळ आहात. एकही आठवत नसेल तर तुम्हाला या प्रकाराचाच कंटाळा आलाय, आणि तसं मोकळेपणाने सांगून दोन-चार सिनेमे वगळले तरी बिघडत नाही. वगळायचेच तर सगळा शिरस्ता मोडू नका. पहिला दिवस त्या चौघांना द्या, तुम्ही दुसऱ्या आठवड्यात बघा आणि मग गप्पांना भेटा. तोवर त्यांचाही पहिला भर ओसरलेला असतो.

आता ग्रुप सोडून गेलेला मित्र. त्याला एकट्याला लिहा, आणि सिनेमाबद्दलचं मत मागे घेऊ नका. ते खोटं वाटेल. एवढं पुरे: 'त्या रात्री ग्रुपवर सगळ्यांसमोर आकडे टाकायला नको होते. तू इतके दिवस वाट बघितली होतीस आणि मी दोन मिनिटांत निकाल लावला. सिनेमा मला नाही आवडला, पण तुला त्यातलं काय भिडलं ते मला खरंच ऐकायचंय.' शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येत असेल तरच लिहा. उत्तर आलं नाही तर आठवणीचा संदेश पाठवू नका, आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि फोन करा. पुढच्या सिनेमाची तिकिटं निघाली का, असं त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला विचारू नका. ते काम त्याचं आहे. त्यालाच विचारा.